कढई पालथी असलेलं वर्ष

आमच्याकडे माणूस गेलं की त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे किंवा नातेवाईक पिठलं-भाकरी घेऊन येतात आणि घरच्यांना बळंच चार घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. माझी बायको गेली त्या संध्याकाळी हा घास तिची धाकटी बहीण घेऊन आली. पिठलं पातळ झालं होतं, भाकरी कडेनं करपली होती आणि ती स्वतः रडत रडत मला ‘दाजी, खावा’ म्हणत होती. मी खाल्लं. कडू घास एकदाच द्यायचा असतो, ही त्या प्रथेतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट. गोड घास किती वेळा द्यावा, हे मात्र कुणी ठरवून ठेवलेलं नाही. माझं पुढचं वर्ष त्या ढिलाईत गेलं.

तेराव्याचं जेवण उरकल्यावर माझ्या चुलत सासूबाईंनी कढई घासली, पुसली आणि फळीवर पालथी घातली. वर्षश्राद्धापर्यंत घरात तळण नाही, गोडधोड नाही, सण नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणारा माणूस. मला चहा आणि खिचडी यांपलीकडे काही येत नाही. तळणाची बंदी मला म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीची बंदी. मी मान डोलावली.

मेहुणीनं मात्र या बंदीतली पळवाट पहिल्याच महिन्यात शोधली. ‘नियम घरातल्या कढईला हाय दाजी, बाहेरच्या नाही,’ ती म्हणाली. ‘आक्काच्या तिथीला तिच्या आवडीचं काहीतरी खायला पाहिजे की नको?’

आक्काच्या आवडीचं म्हणजे काय, हे भिंतीवरच्या फोटोवरून ठरलं होतं. त्या फोटोबद्दल आधी सांगायला हवं.

बायको जाण्याआधीच्या मे महिन्यात तिचा वाढदिवस होता. मेहुणी आणि साडू यांनी आम्हाला जुळे सोलापुरात नव्यानं उघडलेल्या एका कॅफेत नेलं. बाहेर डांबर वितळत होतं, आणि आत साडूंनी चॉकलेट लाव्हा नावाचा पदार्थ मागवला. सोलापुरात मे महिन्यात पैसे देऊन लाव्हा खाणारी माणसं असतात, हे मला त्या दिवशी कळलं. वाटीएवढा केक, आत उकळतं चॉकलेट, वर आइस्क्रीमचा गोळा. बायकोनं पहिला चमचा तोंडात घातला आणि डोळे घट्ट मिटून मान मागं टाकली. साडूंनी तेवढ्यात फोटो काढला. ‘बघा, समाधी लागली आक्कांना,’ ते म्हणाले.

समाधी नव्हती. तिची उजवीकडची दाढ आठवडाभर ठणकत होती. गरम आणि गार एकाच वेळी त्या दाढेत शिरलं आणि कळ थेट कानापर्यंत गेली. हे तिनं मला स्कूटरवर सांगितलं. बहिणीनं एवढ्या हौसेनं आणलं म्हणून तिथं बोलली नाही. सगळा केक संपवला. आणि मग म्हणाली, ‘पार्क चौपाटीवर घ्या हो, तोंड नीट करू.’ तिथं तिनं भजी घेतली आणि नेहमीप्रमाणे परातीच्या तळाचा चुरा मागितला. बेसनाचे करपट थेंब, कांद्याचे काळे झालेले काप, एखादी फाटलेली मिरची. तो कागदात घेऊन ती उभ्या उभ्या खायची, आणि तेव्हा तिचे डोळे सताड उघडे असायचे. त्याचा फोटो कुणी काढला नाही.

ती गेल्यावर चांगला फोटो शोधताना हाच सापडला. चेहरा शांत, डोळे मिटलेले, केस नीट. फ्रेम करणाऱ्यानं चमचा कापायचा प्रयत्न केला, पण चमच्याबरोबर हनुवटी जात होती, म्हणून तोही राहिला. आता त्याला हार घातलेला असतो. येणारा प्रत्येक माणूस फोटोपुढं हात जोडतो आणि चमच्याकडे बघून म्हणतो, ‘फार आवडायचं का त्यांना गोड?’ मेहुणी सांगते, ‘चॉकलेट म्हणजे जीव की प्राण.’ जिला पुरणपोळीसुद्धा कटात बुडवल्याशिवाय जात नव्हती, ती बाई हार घालून घेतल्यावर वर्षभरात गोडखाऊ झाली. नातेवाइकांच्या ग्रुपवर तिच्या तिथीला केकची चित्रं येऊ लागली. मी ती पाहायचो आणि मला भीती वाटायची की आणखी वर्षभरानं मलाही हेच आठवेल.

तर दर महिन्याच्या तिथीला आम्ही तिघं निघायचो. एवढ्या वर्षांत मी सोलापूर जितकं पाहिलं नव्हतं तितकं या निमित्तानं पाहिलं. म्हणजे शहर नव्हे; शहराला चिकटवलेली प्लास्टिकची पानं पाहिली. प्रत्येक कॅफेत एक भिंत हिरव्या पानांची असते आणि तिच्यावर इंग्रजीत काहीतरी दिव्यांनी लिहिलेलं असतं. एक झोपाळा असतो, त्यावर बसून खाता येत नाही, फक्त फोटो काढता येतो. ज्या शहरात नळाला पाणी कुठल्या दिवशी येणार यावर पाहुण्यांची येण्याची तारीख ठरते, तिथं बसल्या बसल्या विचारतात, ‘सर, वॉटर रेग्युलर की मिनरल?’ मेनूकार्ड नसतं. टेबलावरच्या काळ्या चौकोनापुढं मोबाइल धरावा लागतो. मी वाचनावर पोट भरणारा माणूस, पण भूक लागल्यावर मला कागद लागतो.

होटगी रोडच्या एका कॅफेत भिंतीवर लाकडी धोटे टांगलेले होते, मागावरचे, खरे, हातांनी गुळगुळीत झालेले. त्यांच्यात पिवळे दिवे घातले होते. खुर्च्यांना चादरीच्या कापडाच्या गाद्या होत्या. साडू खूश झाले. ‘बघा दाजी, आपल्या मातीचा टच हाय.’ साडू मोहोळचे. माती या विषयात त्यांचा शब्द आम्ही मानतो. मी विचारलं, माग कुठं गेले? वेटरला वाटलं मी मग मागतोय. त्यानं पाण्याचा मग आणून ठेवला. त्या मातीच्या टचमध्ये कडक भाकरीचे तुकडे, वर वितळलेलं चीज आणि शेजारी इवल्याशा वाटीत शेंगाचटणी असा पदार्थ होता. त्याला मेक्सिकन नाव होतं. भाकरी घरी ज्या दिवशी शिळी होते त्या दिवशी ती फुकट असते, हे मी बोललो नाही.

साडू प्रत्येक ठिकाणी आधी फोटो काढत, मग चव घेत, मग मोबाइलवर तारे देत. चवीला तीन, ‘ॲम्बियन्स’ला पाच. एकदा मी म्हटलं, ‘तिथी आहे, तारे तरी राहू देत.’ ते गंभीर होऊन म्हणाले, ‘असं कसं, दुसऱ्याला कळायला नको का?’

एका तिथीला चुलत सासूबाई आल्या. याच बाईंनी संक्रांतीला मला तिळाची वडीसुद्धा घरात ठेवू दिली नव्हती. त्यांच्यापुढं ब्राउनी आली, तव्यावर चरचरत, वर धूर.

‘यात तळलेलं काय नाही ना?’ त्यांनी विचारलं.

‘नाही काकू, भाजलेलं हाय,’ मेहुणी म्हणाली.

‘आणि गोड?’

‘गोड कसलं, डेझर्ट हाय.’

सासूबाईंनी समाधानानं चमचा उचलला. थोड्या वेळानं म्हणाल्या, ‘बिचारीला खायला मिळायला पाहिजे होतं अजून.’ आणि माझ्यासमोरची वाटीही स्वतःकडे ओढून घेतली. तुम्ही काही खात नाही, असं म्हणून.

असं वर्ष सरत आलं. वर्षश्राद्धाचा बेत ग्रुपवर ठरला. ताटात बाकीचं रीतीप्रमाणे, आणि गेलेल्या माणसाच्या आवडीचा एक पदार्थ म्हणून त्याच कॅफेतला लाव्हा केक. मागवलासुद्धा. मला वाचून बसल्या जागी गार वाटलं. वर्षभर मी गप्प बसलो होतो, कारण तो केक म्हणजे मेहुणीनं बहिणीला दिलेला शेवटचा वाढदिवस होता. तो तिच्याकडून काढून घ्यायचं धाडस मला होत नव्हतं. पण ताट तिच्या नावाचं वाढायचं आणि त्यात तिनं दाढेखाली सोसलेली कळ ठेवायची, हेही जमत नव्हतं.

त्या सकाळी मेहुणी पहाटेच आली. तिनं फळीवरची कढई काढली, तळातली धूळ पुसली, तेल ओतलं. वड्यांबरोबर भजीही होती. केकचं खोकं ओट्यावर होतं. मी दारात उभा राहून पाहत होतो. भजी झाऱ्यानं काढून झाल्यावर ती तेलातले काळे कण गाळून टाकायला निघाली.

‘ते टाकू नका,’ मी म्हणालो. ‘ताटात वाढा.’

‘चुरा? श्राद्धाच्या ताटात?’

‘तिला तोच आवडायचा.’

ती झारा तसाच धरून थांबली. ‘दाजी, लहानपणी आमचे अण्णा भजी आणायचे. आक्का मला अख्खी भजी द्यायची आणि स्वतः कागदातला चुरा खायची. मी तुमच्या लग्नात सगळ्यांपुढं सांगितलं होतं की, माझ्यासाठी बहिणीनं चुरा खाऊन दिवस काढले.’

‘सांगितलं होतंत. ती घरी येऊन खूप हसली होती.’

‘म्हणजे लबाडच की,’ मेहुणी म्हणाली. ‘मी इतकी वर्षं उपकार मानत आले.’ तिचं तोंड हसण्याच्या बेतात होतं आणि मग राहिलं. तिनं खोक्याकडे पाहिलं. ‘मग ते? फोटोतलं?’

मी दाढ सांगितली. स्कूटर सांगितली. चौपाटी सांगितली. केक का संपवला, तेही सांगितलं.

तेल तडतडत होतं. तिनं गॅस बारीक केला. बाहेरच्या खोलीतून साडूंचा आवाज आला, केक आधी फ्रिजमध्ये ठेवायचा की वाढताना गरम करायचा.

‘सगळा संपवला होता तिनं,’ ती म्हणाली. ‘मी विचारलं, अजून मागवू का, तर म्हणाली, नको गं, पोट भरलं.’

‘हो.’

‘दाढ दुखत असताना.’

‘हो.’

मला वाटलं ती खोकं उचलून बाजूला ठेवेल. तिनं ते उघडलं, केकचा नखाएवढा तुकडा काढला आणि ताटात डाव्या बाजूला ठेवला. मग वाटीत चुरा भरला, गच्च, कडेपर्यंत, वर एक फाटकी मिरची, आणि ती वाटी शेजारी मांडली.

‘राहू दे एवढा,’ ती म्हणाली. ‘माझ्यासाठी आधी हा खाऊ दे. मग तोंड नीट करायला हे हाय.’

ताट फोटोपुढं ठेवलं. साडू मोबाइल घेऊन पुढं झाले. मेहुणीनं त्यांच्या हातावर हात ठेवून तो खाली केला, आणि कढईतलं उरलेलं तेल गाळायला आत गेली.