मागच्या भिंतीतला बिऱ्हाडकरू

अर्धी वाट सरली तरी रंगाचं दुकान काही येईना, तेव्हा ताई तळ्याच्या कठड्यावर मटकन बसली.

"रंग निवडायला निघालो होतो ना रे आपण? दुकानाचा तर पत्ताच नाही."

"दुकानात रंग डब्यात असतो, ताई. इथं उडताना दाखवतो," रंगारी भाऊ म्हणाला.

त्याच्या दोन्ही मुली तिच्यावरच खेकसल्या, "श्शू! आत्या, हळू बोल ना!"

ताईच्या जिवाला घोर लागला होता. रविवारी लेकीचे होणारे सासू-सासरे घर बघायला येणार, आणि मागची भिंत अजून तशीच. पुढची बाजू भावानं आरशासारखी करून दिली होती. मागे मात्र रोज नवं निमित्त. कधी भिंत ओली, कधी ब्रश रुसलेला, कधी म्हणे शिडीचा पाय दुखतोय. शिडीचा!

माणूस मुळात असा नव्हता. भिंतीत भोक दिसलं की त्याचा हात शिवशिवायचा. आतलं घरटं ओढून फेकायचं आणि वर पुट्टी थापायची. पक्षी म्हणजे त्याच्या लेखी ताज्या रंगावर घाण करणारी जमात. सुट्टी लागली आणि मुली कामावर सोबत यायला लागल्या. बाईंनी शाळेत त्यांना पक्ष्यांचं वेड लावलेलं. "बाबा, तो बघा!" म्हणून शिडीखाली त्या नाचायच्या. बाबा म्हणायचे, "बघितला. आता डबा द्या."

इथपर्यंत ताईला ठाऊक होतं. पुढचं तो आत्ता मान खाली घालून सांगत होता.

"तू प्रार्थनेला बसतेस ना, त्या खिडकीलगत बाहेरून एक भोक होतं. सवयीनं थापली पुट्टी. तर खाली ह्या दोघींनी असा गळा काढला की मी पडता पडता वाचलो. 'बाबा, पक्षीण आत आहे!' मग काय, ओली पुट्टी बोटांनी खरवडली. आतून ती निघाली ती थेट माझ्या नाकावरून. डोक्याला पुट्टी लागलेली. तारेवर बसून अशा शिव्या दिल्या, अशा दिल्या! मुलींच्या आईनं लग्नापासून दिल्या नसतील तेवढ्या."

"देवा! वाचली ना?" ताईचे हात आपसूक जोडले गेले.

"वाचली. पुन्हा आत जाऊन अंड्यांवर बसली. नवरा टायवाला. पोटावर काळा पट्टा, जसा काही कचेरीला निघालाय. तिच्यासाठी अळ्या आणतो. कामाला चुकत नाही."

"तू चुकतोस तेवढं पुरे."

"बाबा, टायवाला!" धाकटी कुजबुजली. तिघांनी एकदम माना वर केल्या, तिघांचीही तोंडं उघडी. ताईला पक्षी काही दिसला नाही. तिला भावाचं तोंड दिसलं. लहानपणी आई घास भरवायची तेव्हा अस्संच उघडायचा.

तिचा राग निम्मा तिथंच उतरला. "बरं, आणि रविवारचं काय?"

"पाहुण्यांना मागे नेऊच नकोस."

"गेलेच तर?"

"तर ह्या दोघी आहेत की. एकदा पक्षी दाखवायला लागल्या की पाहुण्यांना भिंत बघायला सवड कुठली?"

ताईला हसू फुटलं. पण भाऊ अजून टोपी हातात फिरवत उभाच.

"आता आणखी काय?"

"रागावणार नाहीस?"

"बोल तर."

"तू पहाटे त्या खिडकीशी खड्या आवाजात प्रार्थना म्हणतेस ना, तेव्हा ती दचकून अंड्यांवरून उठते. पिल्लं उडेपर्यंत मनातल्या मनात म्हणशील? देवाला काय गं, तसंही ऐकू येतं."