दगडांच्या ओळीच्या आत

आधीच सांगतो, मी विज्ञानाचा शिक्षक. अंगात येणं, करणी, उतारा असलं काही कोणी सांगायला लागलं की माझं डोकंच फिरायचं. त्यावरून स्टाफरूममध्ये चांगली भांडणं केलीत मी. आता हे वाचून तुम्ही मला हसलात तर मी कोणत्या तोंडानं भांडणार...

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या आसपासची गोष्ट. मी हसनाबादला नोकरीला होतो. तिथून राजूरच्या बाजूला, रस्त्यापासून बरंच आत, एका गावानं राखलेलं कुरण होतं. गुडघाभर गवत, हिवर, बोरी, ओढ्याच्या काठाला चंदन. मोर तर रोजचे, नशीब असलं तर काळवीट. दर रविवारी मी दुर्बीण घेऊन तिथं जायचो. गावानं राखणीला ठेवलेले रामकिसनमामा सोबत फिरायचे. वाळका माणूस, पण प्रत्येक झाडाची खबर त्यांना.

कुरणाला कुंपण नव्हतं. चारी बाजूंनी चुना फासलेल्या दगडांची नुसती ओळ. त्या ओळीच्या आत लोखंड न्यायचं नाही, हा गावाचा रिवाज. दिवाळीनंतर गवत खुलं व्हायचं तेव्हासुद्धा विळे बाहेर ठेवून लोक हातानं गवत उपटायचे, तळहात सोलून निघायचे. म्हणे फार पूर्वी या गवतावरून भावकीत मुडदे पडले, तेव्हा जुन्या लोकांनी त्याच कुऱ्हाडी दगडांखाली पुरून शपथ घातली, आत लोखंडानं कोणाचं रक्त सांडायचं नाही.

"आतमंधी लोखंड माणसाला लागतच न्हाई सर," मामा सांगायचे.

"तरी धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ठेवा," मी म्हणायचो. मामा हसायचे.

चैत्रातला रविवार होता. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. गाडी ओळीबाहेर लावली अन् ओढ्याकडून कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले. पळालो. परगावचे तीन जण होते. चंदनाची दोन झाडं आडवी पडलेली, अन् मामा त्यांच्यामधे पालथे. एक जण मामांच्या पाठीत कुऱ्हाड घालत होता. धारेनं. मी स्वतः पाहिलं — वर उचलली, हाणली, पुन्हा उचलली. मामा नुसते कण्हत होते.

माझा राग तसा वाईटच. हाताला आला तो दगड उचलून एकाच्या तोंडावर घातला. त्याचे दात माझ्या बोटांवर फुटले. त्याला खाली पाडून मी मारतच सुटलो, तो हलायचा थांबला तरी मारत होतो... लाज वाटते, पण बरं वाटत होतं. तेवढ्यात मामांना मारणाऱ्याची कुऱ्हाड माझ्या खांद्यावर बसली. वाटलं, हात गेला. पण रक्ताचा थेंब नाही. शर्टसुद्धा फाटला नाही. मारणारा थबकला, कुऱ्हाडीच्या पात्याकडं बघत राहिला. मग रागानं बाजूच्या बोरीवर घाव घातला, तर हाताएवढी फांदी एका घावात खाली.

तेव्हा तरी मला कळायला पाहिजे होतं. मला वाटलं, उलटी बाजू लागली असेल. मी मामांना काखेत धरून गाडीकडं ओढायला लागलो.

"सर, बाहेर न्हेऊ नका," मामा म्हणाले.

"गप बसा मामा, मरायचंय का इथं?"

"न्हेऊ नका हो... आतच राहू द्या मला." त्यांनी गवताच्या मुठी धरल्या. मी त्या सोडवल्या, चक्क पाय मारून सोडवल्या, अन् त्यांना दगडांपलीकडं ओढलं.

तो मागून आलाच. तीच कुऱ्हाड, तोच माणूस. मामांनी उजवा हात आडवा धरला आणि मनगट एका घावात तुटलं. पंजा कातडीवर लोंबत होता. माझ्या तोंडावर रक्ताची चिळकांडी उडाली, गरम. गावाकडं निघालेले जीपवाले ओरडत आले म्हणून ते दोघं तिसऱ्याला उचलून पळाले. मी रुमालानं हात आवळला अन् जीपमधे टाकून मामांना जालन्याला नेलं.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं : पाठीवर नऊ ठिकाणी मुका मार. धारदार शस्त्राची जखम — एक. "नऊ वेळा उलटीच बाजू बसली का हो?" त्यांनी मला विचारलं. धातू, वेग, कोन, सगळे हिशेब करून बघितले मी, अजून जुळत नाहीत.

मामा वाचले. हात गेला. त्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही, 'बाहेर नेऊ नका' म्हटल्याचं घरीही कोणाला सांगितलं नाही. मी भेटायला गेलो की मामी कौतुकानं शेजारणींना बोलावून सांगायच्या, "ह्येच ते सर. ह्यांनी वढून भायेर काढलं म्हनून वाचले आमचे मालक."

मामा डाव्या हातानं मला चहाची बशी द्यायचे अन् खाली बघायचे. मी चहा प्यायचो.