सोसायटीची कंपनी झाली

आमचे हे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत गाड्यांच्या कारखान्यात होते. तिथल्या दोस्तांच्या आग्रहानं ते एका फ्रेंडली सोसायटीचे सभासद झाले. कामगारांनीच काढलेली जुनी संस्था. दरमहा थोडी वर्गणी भरायची आणि कुणी आजारी पडलं की बाकीच्यांनी त्याला सांभाळायचं. तिच्या नियमावलीत एक कलम असंही होतं, की अंथरुणाला खिळलेल्या सभासदाकडे सोसायटीनं भेटायला माणूस पाठवायचा.

ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्या कलमामुळे एक रिटायर्ड बस ड्रायव्हर आमच्याकडे येऊ लागला. उंच, गोरा म्हातारा, जिना चढला की धापा टाकणारा. झटक्यानं ह्यांचं इंग्रजी पार पुसून टाकलं होतं. जे काही तोंडातून फुटायचं ते मराठीत. तो खुर्ची पलंगाशी ओढून बसायचा. हे म्हणायचे, "पाय फार गार पडलेत." तो इंग्रजीत सांगायचा, शनिवारी आपली टीम पुन्हा हरली. ह्यावर हे मान हलवायचे. असं तासभर चालायचं. तेवढ्यात मी केमिस्टकडे जाऊन यायचे. एरवी मला घर सोडता येत नसे.

मग सोसायटीची कंपनी करायची टूम निघाली. मुलीनं फोनवर समजावलं, "आई, आत्ता प्रत्येक मेंबरला एक व्होट आहे. कंपनी झाली की ज्याचे शेअर्स जास्त, त्याचे व्होट जास्त. त्यावर मत घ्यायला मीटिंग आहे ना, तू जा. मी बसते बाबांजवळ."

ह्यांच्या वतीनं मत द्यायला मी गेले. हॉटेलातल्या हॉलमध्ये निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. बहुतेकांनी पोस्टानंच मत दिलं होतं. मी उभी राहिले आणि विचारलं, "कंपनी झाल्यावर आमच्या घरी कोण येणार?"

व्यासपीठावरची वकीलबाई सौम्यपणे म्हणाली, "मॅडम, पॉलिसीत आहे ते सगळं तुम्हाला मिळेल. घरी भेटायला येणं पॉलिसीत नाही. तो सोसायटीचा नियम होता. कंपनीची नियमावली वेगळी असेल."

तिच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. मी विरोधात हात वर केला. शेजारी बसलेल्या त्या म्हाताऱ्यानंही केला. ठराव आरामात मंजूर झाला. पुढे सरकारी संमती आली आणि सोसायटीची कंपनी झाली.

म्हातारा तरीही आपणहून येत राहिला, बस बदलून, पदरचं भाडं भरून. थंडी पडली आणि तो यायचा थांबला. मी फोन केला तर त्याच्या शेजारणीनं उचलला. तो बर्फावर घसरला होता, खुबा मोडून हॉस्पिटलात होता.

"तुम्ही नातेवाईक का?" तिनं विचारलं. "त्यांच्याकडे कुणीच येत नाही हो."

"नाही," मी म्हटलं, "पण मी येते."

मुलीला ऑफिसातून सुट्टी मिळेना. कौन्सिलनं पाठवलेली केअरर ह्यांना धुवून-पुसून लगेच पुढच्या घरी पळायची. तिला जरा थांब म्हटलं, तर ती रडकुंडीला आली. ह्यांना एकटं टाकून निघायचं कसं? उद्या जमवू, परवा जमवू म्हणत राहिले.

शेजारणीचा फोन आला तो म्हाताऱ्याचा अंत्यविधी उरकल्यावरच.

मी ह्यांना सांगितलं. त्यांना कळलं की नाही, मला समजलं नाही. एव्हाना त्यांचं मराठीही गेलं होतं. मी त्यांना कुशीवर वळवलं आणि पाठीला पावडर लावली.