अक्काचं चिनी

अक्का माझ्या आईची मावसबहीण. नात्याने मला मावशी, पण मल्लेश्वरमच्या आमच्या गल्लीत भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे तिला अक्काच म्हणतात, म्हणून मीही अक्काच म्हणत आले. तिने सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली. कानाला हेडफोन लावून, दोन अनोळखी माणसांना जोडून द्यायचं काम. आवाजावरून माणूस ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मी फोनवर नुसतं "हॅलो" म्हटलं तरी ती विचारायची, "जेवली नाहीस का गं?"

लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर तिला अवकाशाचं वेड लागलं. आधी आपल्या देशाची उड्डाणं, मग रशियन, अमेरिकन, आणि शेवटी चिनी. चिन्यांचं तिला विशेष आवडायचं, कारण तिथे नेमाने माणसं वर जायची, दर सहा-एक महिन्यांनी तीन माणसं. त्यांच्या इंग्रजी प्रक्षेपणात मात्र निवेदक सारखे बोलत राहत आणि मागचा नियंत्रण कक्षाचा आवाज दाबून टाकत. अक्काला नेमका तो मागचा आवाज हवा होता. "खरं काय चाललंय ते त्या आवाजात असतं," ती म्हणायची. म्हणून साठी ओलांडल्यावर ती चिनी शिकायला बसली. मोबाईलवर एक ॲप, आठवड्यातून दोनदा कॉम्प्युटरवर शिकवणारी एक बाई, आणि दिवसभर स्वयंपाकघरात मोठ्याने घोकणं.

दोनेक वर्षांत तिला एवढं यायला लागलं की मूळ चिनी प्रक्षेपण लावून काय चाललंय ते ती आम्हाला सांगू शके. आम्ही म्हणजे मी आणि मारतहळ्ळीला राहणारा एक पुणेकर मुलगा. तो खगोलप्रेमींच्या एका ग्रुपवर भेटला होता. त्याची मराठी अर्धी इंग्रजी, आमची अर्धी कन्नड. पहिल्यांदा घरी आला तेव्हा अक्काने "स्वल्प बस, कॉफी आणते" म्हटलं आणि तो उभाच राहिला, कारण स्वल्प म्हणजे कन्नडात जरा हे त्याला ठाऊक नव्हतं, त्याला वाटलं ते कुणाचं तरी नाव आहे. तेव्हापासून उड्डाण असलं की आम्ही तिघं अक्काच्या टीव्हीसमोर. वेगवेगळ्या केंद्रांतून "चंगछांग, चंगछांग" असे आवाज येत. सगळं ठीक, असा त्याचा अर्थ. अक्का तो शब्द ऐकला की मान डोलवायची, गाण्याच्या बैठकीत समेवर डोलवतात तशी.

तिचा धाकटा भाऊ खालच्या मजल्यावर राहतो. त्याला हे बिलकूल पसंत नव्हतं. सीमेवर काय चाललंय आणि वर माझी बहीण त्यांच्या रॉकेटला ओवाळते, असं तो जिन्यात कुणालाही ऐकवायचा. अक्का त्याच्याशी वाद घालत नसे. एकदाच म्हणाली, "तिघं आत बसलेत. ते वर नीट पोचेपर्यंत मला दुसरं काही सुचत नाही." मग त्याने तो विषय सोडला. पटलं म्हणून नव्हे, तिचा चेहरा पाहून.

मी स्वभावानेच अस्वस्थ. उड्डाण बसून बघणं मला कधी जमलं नाही. टीव्हीपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून स्वयंपाकघरापर्यंत माझ्या फेऱ्या चालतात. नोकरी व्हाइटफील्डला, घर शहराच्या या टोकाला. त्यामुळे कामाच्या दिवशी उड्डाण असलं की मी ते मोबाईलवर कसंबसं बघायची. अक्काने त्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. म्हणून त्या वेळी तिचा फोन आला तेव्हा मला नवल वाटलं. उड्डाण भर दुपारचं होतं.

"या खेपेला तू ये," ती म्हणाली. "रजा काढ."

मी विचारलं, तब्येत बरी आहे ना. त्यावर ती म्हणाली, "सरी, ठीक आहे, म्हणजे येतेस." मी येते असं म्हटलंच नव्हतं. फोन ठेवल्यावर ते उत्तर माझ्या डोक्यातून जाईना. अक्का कधी प्रश्नाला भलतंच उत्तर देणारी बाई नव्हती.

रजा मिळाली नाही. त्याच दिवशी परदेशातली माणसं ऑफिसात यायची होती. मॅनेजर म्हणाला, जेवणानंतर सुटशील. जेवणानंतर म्हणजे कधी, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सकाळपासून टेबलाखाली माझा पाय हलत होता. पडद्यावर कुणीतरी तक्ते दाखवत होतं आणि मांडीवरच्या मोबाईलमध्ये तीन माणसं पांढरे पोशाख घालून, हात हलवत बसकडे चालली होती. बाजूला झेंडे घेतलेली मुलं, बँड. आवाज बंद होता. अक्का आत्ता काय करत असेल, ती मला काय सांगायचं टाळत होती, हेच मनात. शेवटी चहाला सगळे उठले तेव्हा मी बॅग उचलली आणि मॅनेजरला म्हटलं की घरी अडचण आहे, मी निघते. अडचण कोणती ते मलाच माहीत नव्हतं.

रस्त्याने गेले असते तर संध्याकाळच झाली असती. मेट्रो धरली. बसायला जागा होती तरी दाराजवळ उभी राहिले. प्रत्येक स्टेशनवर दार उघडायचं, बंद व्हायला उशीर लावायचं, निदान मला तसं वाटायचं. अक्काच्या घरून पुणेकर मुलाचे मेसेज येत होते. तिघं यानात बसले, टॉवरचे हात बाजूला झाले, तू कुठे आहेस. मग एक मेसेज आला की अक्काने आज काहीच सांगितलेलं नाही, नुसती बघत बसली आहे, रागावली आहे का? मॅजेस्टिकला गाडी बदलताना मी जिन्यावरून अक्षरशः धावले. पुढे स्टेशनबाहेरचा रिक्षावाला एवढ्या जवळ यायला तयार नव्हता. अक्काच्या घरी जायचंय म्हटल्यावर बस म्हणाला.

जिन्यातच टीव्ही ऐकू आला. एवढा मोठा आवाज त्या घरात मी कधी ऐकला नव्हता. अक्का टीव्हीच्या अगदी पुढ्यात, स्टुलावर बसली होती. मी पाठीमागून हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही. मुलाने माझ्याकडे पाहून खांदे उडवले. मी पुढे जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा ती दचकली, आणि मला पाहून तिचा चेहरा सैलावला.

तिने त्याला कॉफी टाकायला आत पाठवलं. मग माझा हात धरून जवळ बसवलं.

"मला ऐकू येत नाही," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "डावा कान एक्स्चेंजमध्येच गेला. उजवाही आता चाललाय. तू समोर बसून बोललीस तर कळतं. मराठी अर्धी ऐकू आली तरी उरलेली मन भरून घेतं. चिनीत तसं होत नाही. त्यात आवाज वर गेला की एक शब्द, खाली आला की दुसरा. मला सगळे सारखेच ऐकू येतात. सगळी नुसती घरघर."

मी विचारलं, कधीपासून. मागच्या उड्डाणापासून, ती म्हणाली. तेव्हा तिने आम्हाला जे सांगितलं त्यातलं निम्मं अंदाजाने सांगितलं होतं. डॉक्टरकडे गेली नव्हती. कुणाला बोलली नव्हती.

"आकडे तुला येतात ना? मी शिकवले होते."

आकडे मला येत होते. दहापासून एकपर्यंत, उलटे. तिने ते आमच्याकडून गाण्यासारखे घोटून घेतले होते.

"मग ते आले की मला सांग. तोंडाने नको, तो आत आहे. इथे." तिने तळहात पुढे केला.

मुलगा कॉफी घेऊन आला आणि खुर्चीत बसला. पडद्यावर वाळवंटात उभं पांढरं रॉकेट, बाजूला टॉवर, मागे कोरडं आभाळ. मधूनच आतली तीन माणसं दिसत होती, आडवी, गुडघे वर घेतलेली. आयुष्यात पहिल्यांदा मी उड्डाणाच्या वेळी बसून होते. उठता येत नव्हतं, अक्काने मनगट धरून ठेवलं होतं. माझे पाय मात्र जमिनीवर सारखे थापटत होते. मी जिवाचा कान करून ऐकत होते. एक आकडा जरी निसटला तर तिला खोटं सांगितल्यासारखं होईल या भीतीने.

मग उलटे आकडे सुरू झाले. शी. मी तिच्या तळहातावर बोट टेकवलं. ज्यू. बा. प्रत्येक आकड्याला एकदा. तिचे डोळे पडद्यावर होते आणि ओठ हलत होते, माझ्या बोटाबरोबर, जराही मागेपुढे न होता. आतल्या तिघांनी सलाम ठोकला. सान. अर. यी. मी पूर्ण पंजा तिच्या हातावर दाबला. रॉकेटच्या खालून तांबूस धुराचे लोट निघाले आणि ते उठलं.

त्यानंतरचे शब्द मला येत नव्हते. एक सोडून, चंगछांग. तो आला की मी तिचा हात दाबायची आणि ती मान डोलवायची. यान रॉकेटपासून सुटलं, त्याचे सौरपंख उघडले, कक्षातले लोक उठून टाळ्या वाजवायला लागले तोवर माझ्या घामाने तिचा तळहात ओला झाला होता. तिने तो पदराला पुसला.

मुलगा सगळं पाहत होता. त्याला आता सांगायलाच हवं होतं आणि ते अक्कानेच सांगितलं, थोडक्यात. तो बिचारा म्हणाला, "अक्का, सबटायटल्स लावूया की." ती हसली. मलाही हसू आलं, आणि मग डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी कप विसळायला उठले.

यान अवकाशातल्या स्थानकाला जोडलं जायला अजून काही तास होते. टीव्हीवर तेच तेच दाखवायला लागले. मला घरात बसवेना, अक्कालाही नाही. आम्ही दोघी सँकी टँकच्या तळ्याकडे चालायला गेलो. रस्त्यात मी तिच्या उजव्या बाजूला राहायचं ठरवलं होतं, पण स्कूटर आली की बाजू बदलायची आणि मी काय म्हटलं ते तिला कळायचं नाही. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा ती थांबली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे जाऊ. तू ये. मी एकटी गेले तर तो काय म्हणतोय ते मला कळायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही. तपासणीच्या काचेच्या खोलीत अक्का हेडफोन लावून बसली होती. आवाज आला की बटण दाबायचं होतं. मी बाहेरून बघत होते. आवाज मला ऐकू येत नव्हते, पण ती कितीतरी वेळ बटण न दाबता वाट बघत राही, चेहऱ्यावर एक्स्चेंजमधली ती जुनी एकाग्रता. मला खोलीचं दार उघडून आत जावंसं वाटत होतं.

कानाचं यंत्र मिळालं. त्याने शेजारचा कुकर, पंखा, स्वतःच्या बांगड्या सगळं तिच्या अंगावर धावून यायला लागलं. माणसांचं बोलणं पुष्कळ सुधारलं. चिनी मात्र नाही. पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाटतं, असं ती म्हणाली. पुढच्या उड्डाणाआधी तिने शिकवणीच्या बाईंना सांगून ऐकण्याचे धडे बंद केले आणि लिपी सुरू केली. आता ती पडद्यावरच्या पट्ट्या वाचते, निम्म्या लागतात, निम्म्या नाही.

आणि ऐकण्याचं काम माझ्याकडे आलं. रविवारी सकाळी मी तिच्यासमोर बसून शब्द म्हणते. मला एका जागी बसवत नाही हे तिला ठाऊक आहे, म्हणून ती दार ओढून घेते. माझे चढउतार तिला ऐकू येत नाहीत, तरी ती मला मध्येच थांबवते आणि पुन्हा म्हणायला लावते. मी एकदा विचारलं, तुला कसं कळतं मी चुकले ते.

"तू चुकलीस की भुवया वर जातात," अक्का म्हणाली. "म्हण परत."