दाजींना घरी पाठवलं तो दिवस

आमच्या साइटवर त्याला सगळे पट्टेवाला म्हणायचे. ऑफिसात फायली नेणारा पट्टेवाला नव्हे. हा माणसांच्या कमरेचे पट्टे तपासत फिरायचा. उंचावर काम करणाऱ्याने सेफ्टी बेल्ट बांधलाय का, त्याचा हूक पाइपात अडकवलाय का, खाली जाळी ताणलेली आहे का, हे बघणं त्याचं काम. मी स्टोअर सांभाळतो. सकाळी पट्टे आणि हेल्मेट माझ्या खिडकीतून जातात. तो खिडकीशेजारी उभा राहून प्रत्येक पट्टा ओढून बघायचा, मगच माणसाला पुढे सोडायचा. गवंडी चिडवायचे, की बायकोसुद्धा एवढी चौकशी करत नाही. त्यावर तो म्हणायचा, "किती उंच चढतोस ते तिला सांगून बघ, मग करेल."

आईबाप लवकर गेल्यामुळे धाकट्या बहिणीला त्यानेच वाढवलं, तिचं लग्नही त्यानेच लावून दिलं. तिचा नवरा गिलावा करायचा. हाताला सफाई आणि तोंडाने गोड. त्याला आमच्याकडे कामाला लावलं ते यानेच. वयाने लहान असला तरी बहिणीचा नवरा, म्हणून हा त्याला दाजी म्हणायचा आणि चारचौघांत अहोजाहो करायचा. जेवायला बसले की डब्यातलं चांगलंचुंगलं आधी दाजींच्या पुढे सरकायचं.

दाजींची एक खोड होती. पट्टा कमरेला बांधायचे, पण हूक लोंबकळत ठेवायचे. जरा सरकलं की हूक काढा, पुन्हा अडकवा, त्यात हात थांबतो आणि माल सुकतो, असं त्यांचं म्हणणं. पट्टेवाल्याने घरी समजावलं, मग साइटवर बाजूला घेऊन सांगितलं. दाजी हसून हो म्हणायचे आणि वर गेले की पहिले पाढे पंचावन्न.

नियम सगळ्यांना ठाऊक होता. सांगूनही न ऐकणाऱ्याने त्या दिवशी काम सोडून घरी जायचं. हा नियम पट्टेवाल्यानेच लावून धरला होता आणि त्यापायी कित्येकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. एके दिवशी दुपारी जेवणं उरकून माणसं खाली सावलीत बसली होती. दाजी मात्र लवकर वर गेले होते आणि परांचीच्या टोकाला वाकून भिंतीचा कोपरा घोटत होते. हूक मोकळाच लोंबत होता. खालून सगळ्यांना तो दिसला. एकजण हळूच म्हणाला, "आता बघू, घरचं झाकतोय का."

पट्टेवाल्याने ते ऐकलं की नाही, कोण जाणे. त्याने दाजींना खाली बोलावून घेतलं.

"दाजी, पट्टा जमा करा. आज घरी जा."

"दादा, मी घरचा माणूस आहे."

"म्हणूनच सांगतोय."

दाजींनी पट्टा आणि हेल्मेट माझ्या खिडकीत ठेवलं. आदळलं नाही, अगदी हळू ठेवलं. कुणाकडे न बघता ते फाटकाबाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. चार गल्ल्या सोडून एक छोटी इमारत उठत होती, तिथे त्यांनी काम धरलं. तिथे दोरीने बांधलेली बांबूची परांची होती. जाळी नाही, पट्टा नाही आणि विचारणारंही कुणी नाही. बहीण आमच्या फाटकाशी येऊन भावाला भेटली. चारचौघांत अपमान झाला म्हणून ते धुमसतायत, तू एकदा येऊन बोलाव, ते येतील, असं ती म्हणाली. याने सांगितलं, की राग जरा निवू दे, सुट्टीच्या दिवशी नक्की येतो.

सुट्टी उजाडण्याआधीच त्या परांचीची गाठ सुटली. वाळूच्या ट्रकवाल्याने बातमी आणली. पट्टेवाला डोक्यावरच्या हेल्मेटसकट पळत सुटला. तो दवाखान्यात पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. बहीण बाकावर बसली होती. ती रडत नव्हती.

"तू घालवलंस त्यांना," एवढंच ती म्हणाली.

पुढचं सगळं त्यानेच केलं, खांदाही दिला. ती त्याच्याशी बोलली नाही.

कामावर परतल्यावर तो खिडकीशेजारी उभा राहायचा, पण पट्ट्याला हात लावायचा नाही. मग माणसंच आपापला पट्टा ओढून त्याला दाखवू लागली. चिडवणं थांबलं. पट्टेवाला हे नावही हळूहळू कुणी घेईना. त्याने मोठ्या साहेबांकडे जाऊन आपल्याला या कामातून मोकळं करा म्हणून हात जोडले. साहेबांनी त्याला बसवून घेतलं आणि म्हणाले, की तुला सोडलं तर इथल्या माणसांना कोण बघणार? तो राहिला, पण नियम बदलून घेतला. चुकलेल्या माणसाला आता घरी पाठवत नाहीत. खाली आणून विटा लावायला, वाळू चाळायला देतात आणि संध्याकाळपर्यंत फाटकाच्या आतच ठेवतात. ही कसली शिक्षा, असं कुणी म्हटलं की तो सांगतो, "इथून गेला की मला दिसत नाही."

सुट्टीच्या दिवशी तो बहिणीकडे जायचा. दाराची कडी दुरुस्त कर, पाणी भरून ठेव, असलं काही करून परतायचा. ती ताट वाढून ठेवायची आणि आत निघून जायची. वर्ष उलटून गेल्यावर ती एकदा ताटासमोर बसली. ती काय म्हणाली, ते त्याने मला सिमेंटच्या गोण्यांवर बसून सांगितलं.

"तुझ्याकडे असते तर पडले नसते, हे मला कळतं. तू त्यांना घालवलंस, हेही खरं आहे. दोन्ही खरं आहे. मी काय करू?"

त्याचा घास हातातच राहिला.

आता ती बोलते. गॅस संपलाय, नळाला पाणी कमी येतं, असलं काहीबाही. तो ऐकून घेतो आणि लागेल ते करून येतो. त्या दिवसाचा विषय दोघांनीही पुन्हा काढलेला नाही.