खाणीतल्या पाण्याचं माप

पिंपरी पेंढारला आमच्या रानाला लागून दगडाची जुनी खाण आहे. दगड काढणं बंद झालं, खाण पाण्याने भरली, आणि उन्हाळ्यात आमचं शेत तिच्यावरच चालतं. तळ सगळा ओबडधोबड. कुठे गुडघाभर पाणी, कुठे हत्ती बुडेल एवढं.

त्या वर्षी सासऱ्यांना उन्हाळी टोमॅटो लावायचा होता. सासूबाईंच्या मते पाणी पुरणार नव्हतं. यावरून दोघांचं बोलणं बंद झालं आणि निरोप माझ्यामार्फत जाऊ लागले. मी नारायणगावला कॉलेजात गणित शिकवते, म्हणून हिशेबही माझ्याकडेच आला.

"किती पाणी हाय ते काढ," सासरे म्हणाले. "मग कळंल तुझ्या सासूला."

"त्यांना म्हणावं, मला आत्ताच कळतंय," सासूबाई म्हणाल्या. दोघं एकाच खोलीत होती.

वर्गात शिकवते तीच पद्धत मी सांगितली. पाण्यावर दोऱ्या ताणून चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनातली खोली मोजायची, तिला चौकोनाच्या क्षेत्रफळाने गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. रविवारी सासरे कमरेला दोर बांधून ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसले आणि दगड बांधलेली दोरी तळाला सोडू लागले. माझा नवरा चाकणला कामावर होता, त्यामुळे सासऱ्यांचा दोर काठावरून सासूबाईंनी धरला.

अडचण लगेच आली. एकाच चौकोनाच्या एका कोपऱ्यात तीन फूट, दुसऱ्यात अकरा. सासरे म्हणाले, अकरा लिही. सासूबाई म्हणाल्या, तीन. मी प्रत्येक चौकोनात एकदा सगळ्यात जास्त आणि एकदा सगळ्यात कमी खोली धरून दोन बेरजा केल्या. एका बेरजेत सगळं रान भिजत होतं, दुसरीत जेमतेम चार वाफे.

"खरं पाणी या दोहोंच्या मधे आहे," मी म्हणाले. "चौकोन लहान केले की आकडे जवळ येतील."

"मग कर लहान," दोघं एकदम मला म्हणाली.

पुढच्या रविवारी सासऱ्यांची कंबर धरली होती. सासूबाई पदर खोचून ट्यूबवर बसल्या, दोर काठावरून सासऱ्यांनी धरला. आयुष्यात त्या कधी पाण्यात उतरल्या नव्हत्या. मध्यावर ट्यूब गरकन फिरली.

"घट्ट धरा की वो," त्या म्हणाल्या.

"धरलंय. तू वाकू नको."

मी खोली विचारली. सात फूट, त्या म्हणाल्या. काठावर परतेपर्यंत दोघं तळातल्या गाळाबद्दल बोलत होती.

आकडे बरेच जवळ आले. अर्ध्या रानात टोमॅटो लावला आणि पीक निघालंही. मे महिन्यात खाण आटली तेव्हा आम्ही तिघं बघायला गेलो. मधोमध एक मोठा खड्डा अजून तुडुंब होता.

"हा कोणत्या चौकोनात धरला व्हता?" सासूबाईंनी विचारलं.

मी वहीतले चौकोन शोधू लागले. सासरे खाली उतरून त्यात दोरी सोडू लागले.