नाव परत घालून देणारी राजश्री

"न्हाई म्हणलं की न्हाई, ताई. एकदा कमी केलेलं नाव परत घालायला मी तहसीलात जाणार न्हाई."

"मग पोरीनं काय खायचं, काका? हवा?"

"हवा कामून खाईल? मी मेलो का? घरून ज्वारी धाडतो, डाळ धाडतो…"

"ज्वारी धाडता, आन् भाकरी कोण थापणार? खोलीची मालकीण गॅस लावू देत न्हाई. तुमचं पोतं पलंगाखाली पडून हाय. किडे पडायलेत त्याला. किड्यांचं मात्र मस्त चाललंय, दोन्ही टाइम!"

स्टुलावर बसलेल्या तनुजाला हसू आलं. बापानं वळून बघितल्यावर तिनं ते ओढणीत पुसून टाकलं.

लातूरच्या ट्युशन एरियातलं राजश्रीचं झेरॉक्सचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. एक मशीन, एक कॉम्प्युटर आणि एक टेबलफॅन, तोही फक्त मशीनकडे तोंड करून ठेवलेला. मशीन तापलं की कागद खातं, माणूस तापला तर फक्त बोलतो, असं राजश्रीचं म्हणणं. या खोलीत त्या दुपारी देवणीकडचे वैजनाथ काका उभे होते. बसा म्हटलं तरी बसत नव्हते. काखेत लेकीसाठी आणलेलं गाठोडं, आणि पुढ्यात ठेवलेल्या चहावर साय धरलेली. सोयाबीन घेऊन गावच्या टेम्पोतून ते आडतीला आले होते. सौदा झाला होता, टेम्पो तिकडं त्यांच्यासाठी खोळंबला होता. लेकीला जाता जाता गाठोडं द्यावं एवढ्यासाठी ते या गल्लीत शिरले, आणि राजश्रीच्या तावडीत सापडले.

तिच्या तावडीतून सुटणं सोपं नव्हतं. रेल्वेनं पाणी आणून लातूर जगवलं, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. तोवर त्या गल्लीत पोरांचं एवढं रान माजलं होतं, की दर दोन खोल्यांमागं एक मेस आणि दर मेसमागं एक झेरॉक्स. पण अर्ज भरायचा म्हटलं की पोरं राजश्रीकडंच यायची. ती काही फार हुशार होती म्हणून नव्हे. उलट घाईघाईत तिनं एकदा एका पोराच्या अर्जाला पोरीचा फोटो चिकटवला होता, आणि वरून त्यालाच झापलं होतं, "मग तू तोंड दाखवायला आला का न्हाईस वेळेवर?" पोरं यायची ती तिच्या सवयीपायी. कॉम्प्युटर चालू करायच्या आधी ती एकच विचारायची, "आज काय जेवलास?"

सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या कॉलेजच्या पोरांना खाण्या-राहण्यासाठी भत्ता मिळतो, हे त्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. पण मागायला येताना पोरं आवाज खाली घ्यायची. काउंटरवर वाकून पुटपुटायची, "ताई, ते… जेवणाचं…"

"जेवणाचं ना?" राजश्रीचा आवाज मग रस्त्यापलीकडच्या क्लासच्या तिसऱ्या मजल्यावर जायचा. "मग हळू कामून बोलतोस? चोरी करायलास का? हक्काचं हाय! टी-शर्ट काढ आन् तो शर्ट घाल."

तो शर्ट म्हणजे खिळ्याला टांगलेला पांढरा, कडक इस्त्रीचा, तिच्या नवऱ्याचा, बसवंतचा, लग्नातला. अर्जाच्या फोटोत पोरगं नीट दिसावं म्हणून. पोरं बारीक असायची, मग ती पाठीमागून शर्टाला कपडे वाळत घालायचे चिमटे लावायची. गल्लीतल्या कितीतरी अर्जांवर तोच शर्ट होता. ऑफिसातल्या साहेबांनी एकदा विचारलं म्हणे, "हे सगळे एकाच घरचे का हो?" राजश्री म्हणाली, "हाव, एकाच मेसचे." बसवंत स्कूलव्हॅन चालवायचा. तो दुपारी डबा घेऊन आला की शर्टाकडं बघून उसासा टाकायचा. "माझ्यापेक्षा माझा शर्टच जास्त शिकला."

तनुजाही अशीच आली होती, आधारकार्डाची झेरॉक्स काढायला. फार्मसीचं पहिलं वर्ष. भर उन्हात चेहरा उतरलेला.

"आज काय जेवलीस गं?"

"आज माझा रात्रीचा नंबर हाय," तनुजा सहज बोलून गेली आणि जीभ चावली.

राजश्रीनं हातातला कागद खाली ठेवला. मग हळूहळू बाहेर आलं. दोघी पोरींत मिळून एकच डबा लावलेला. सकाळचा एकीला, रात्रीचा दुसरीला. आठवड्यानं अदलाबदल. ट्युशन एरियात ही रीतच पडली होती. घरी कुणी सांगायचं नाही, फोनवर "झालं का जेवण?" असं विचारलं की दोघींनी मिळून "हाव" म्हणायचं.

"पण डोळ्यापुढं अंधारी येऊ लागली की जाईन मी गावी," तनुजा म्हणाली. "अप्पांचं तेच म्हणणं हाय. न्हाई जमलं तर ये परत."

"अंधारी येईस्तोवर थांबणार व्हय? बस इथं." राजश्रीनं अर्ज उघडला, भरत आणला, आणि तो रेशनकार्डापाशी अडला. घरच्या रेशनकार्डात पोरीचं नाव पाहिजे. तनुजाचं नाव नव्हतं.

त्याची कथा अशी. बारावी झाली तसं तनुजाला उदगीरकडचं एक स्थळ आलं. साखरपुडा झाला. पाहुणे म्हणाले, नंतर तहसीलात हेलपाटे नकोत, नाव कमी केल्याचा दाखला आताच काढून ठेवा, आमच्या कार्डात घालायला बरं पडेल. वैजनाथ काका मोठे उत्साहाचे. लग्नाचा मांडव पडायच्या आधीच त्यांनी देवणीला जाऊन लेकीचं नाव कमी करून आणलं आणि दाखला देवापुढं ठेवला. आणि मग लग्नानंतर पोरीनं शिकायचं नाही, असं पाहुणे म्हणाले, त्यावरून बोलणी फिसकटली. साखरपुडा मोडला. अंगठी परत गेली, साडी परत गेली, पण नाव काही परत आलं नाही. ना इकडच्या कार्डात, ना तिकडच्या.

आता ते परत घालायला कार्डाचा कर्ता पाहिजे, म्हणजे काकाच. आधी देवणीच्या तहसीलातून फॉर्म, मग त्यावर गावातल्या रेशन दुकानदाराची सही. भत्त्याची मुदत महिनाअखेरची. आणि दुकानदार कोण, तर सटवाजी. ज्यानं स्थळ आणलं होतं तोच.

"बोला की काका, मुक्यानं भागत न्हाई," राजश्री म्हणाली.

"काय बोलू? सटवाजी पारावर बसून विचारंल, काय वैजनाथ, लेक परत आली का? गावात नाव कमी होतं ते दोनच कारणानं, ताई. पोरगी नांदायला जाती, न्हाईतर माणूस मरतं. परत घालायला कोण जातं का? मी गेलो की समद्या गावाला उजळणी. मोडलं, मोडलं, वैजनाथाच्या पोरीचं मोडलं."

"मोडलेलं गावाला ठाव हाय की."

"ठाव असणं येगळं, आन् मी आपल्या हातानं लिहून देणं येगळं."

या बोलण्यात खोट नव्हती. गिऱ्हाईक आलं, राजश्रीनं "मशीन तापलंय" म्हणून परत पाठवलं. मशीन थंडगार होतं.

मग ती काउंटरच्या बाहेर आली आणि काकांच्या समोरच्या पायरीवर बसली. पुढचं ती सहसा कुणाला सांगत नसे. बसवंतलासुद्धा लग्नानंतर कधीतरी, एका भांडणात सांगितलं होतं.

"काका, माझं नाव बी कमी झालं होतं कार्डातून."

"लग्नात?"

"न्हाई. दुसऱ्या कारणानं."

काकांनी गाठोडं या काखेतून त्या काखेत घेतलं.

"आमचं गाव औसा तालुक्यातलं. भूकंप झाला त्या साली गणपतीला मी मामाकडं होते, नायगावला. तिकडून यायला गाडी न्हाई म्हणून राहिले. बाप शेतात राखणीला होता म्हणून राहिला. आई न्हाई राहिली. आजी न्हाई. त्या गडबडीत कुणीतरी सांगून टाकलं की हणमंता, म्हणजे माझा बाप, सोडून त्या घरातलं कुणीच उरलं न्हाई. बाकी समद्यांची नावं कमी झाली, त्यात माझं बी. पुढं पत्र्याच्या शेडमधी आलो तर धान्य मिळायचं माणसी. बापाला एका माणसाचं. बाप म्हणायचा, माझी पोर हाय. ते म्हणायचे, यादीत न्हाई."

"अरारा…"

"मग बापानं माझ्या हाताला धरलं आन् औशाला नेलं. मोठी रांग. आमचा नंबर आला तर कारकून म्हणला, पुरावा काय? बापानं मला उचलून टेबलावर उभं केलं. हा घ्या, म्हणला, पुरावा. बोल गं, नाव सांग. माझी तर दातखीळ बसली. बाप घाबरला, म्हणला, पाढे म्हण, पाढे. मी सुरू केले. साताचा. सात सक्कं चव्वेचाळीस!"

तनुजा फिस्सकन हसली. काकांच्याही मिशीत काहीतरी हललं.

"कारकून वैतागून म्हणला, बेचाळीस! सात सक्कं बेचाळीस! बाप म्हणला, साहेब, आता चुकायलीय म्हणजे जित्तीच हाय की! त्यानं पेनाचं टोपण काढलं आन् लिवलं माझं नाव."

काका हसले. मोकळं, सगळे दात दाखवून. पण राजश्री हसत नव्हती.

"त्या रांगेत माझ्या बापाच्या मागंपुढं जी माणसं होती ना काका, ती नावं कमी करायला आलेली होती. बायकोचं, लेकाचं, सुनेचं. सगळ्या रांगेत माझा बाप एकटा नाव घालायला आला होता. त्याच्याकडं लोक कसे बघायले होते, सांगू?"

"कसे?"

"हेवा करायले होते."

टेबलफॅन मशीनकडं तोंड करून फिरत राहिला. वैजनाथ काकांनी खाली वाकून साय धरलेला चहा उचलला, एका घोटात संपवला आणि कप जागेवर ठेवायच्या ऐवजी हातातच धरून उभे राहिले.

"सटवाजी विचारणार," ते पुटपुटले. पण मघाचा जोर त्यात राहिला नव्हता. "लेक परत आली का म्हणून, विचारणारच तो."

"तुम्ही सांगा, गेलीच नव्हती."

काकांनी लेकीकडं बघितलं. बहुतेक त्या दिवसात पहिल्यांदाच नीट बघितलं. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतं. साखरपुड्यात पाहुण्यांनी भरलेल्या बांगड्या याच मनगटातून निघता निघत नव्हत्या, साबण लावावा लागला होता.

"डबा दोघीत एक खातीस?"

तनुजानं राजश्रीकडं बघितलं. राजश्रीनं छताकडं.

"सांग की. तुलाच इचारायलोय."

"हाव, अप्पा."

"फोनवर तर म्हणतीस, झालं जेवण."

"एकीचं झालेलं असतंय, अप्पा. खोटं न्हाई बोलत."

काकांनी गाठोडं सोडून स्टुलाच्या कडेला, लेकीच्या पुढ्यात ठेवलं. त्यात आईनं दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, धपाटे, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले लाडू. त्यांनी एक धपाटं काढलं, तनुजाच्या हातात दिलं आणि ती पहिला घास तोडेपर्यंत तिथंच उभे राहिले. दुसरं धपाटं काढून काउंटरवर राजश्रीपुढं ठेवलं.

पांढऱ्या शर्टाच्या शेजारच्या खिळ्याला अडलेले अर्ज टोचलेले असत. काका तिथं गेले. चष्मा नव्हता, म्हणून एकेक कागद लांब धरून बघितला. तनुजाचा सापडल्यावर तो अलगद काढला, दोन घड्या घातल्या आणि बंडीच्या आतल्या खिशात, सौद्याच्या पावतीच्या अलीकडं, ठेवला.

"अप्पा, मी बी येऊ का संगं?" तनुजानं तोंडात घास असतानाच विचारलं. "सटवाजी काकापुढं मी बोलते."

काका टोपी नीट करत होते.

राजश्री उठून दारात आली. दुकानाच्या डाव्या हाताला आडत, जिथं टेम्पो थांबलेला. उजव्या हाताला बसस्टँड, तिथून देवणीची गाडी.

"काका, टेम्पोवाला वाट बघत असंल की. कुठं चाललाव?"

वैजनाथ काकांनी पायात चपला घातल्या, हातात राहिलेला चहाचा कप आठवणीनं पायरीवर ठेवला, आणि उजव्या हाताला वळले.